झिऱ्यावरचे पुंजामामा

चिमीने पुंजामामांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका माशाशी बोलत होते.

लग्न होऊन ती नुकतीच दाभोशाहून मोखाड्याकडच्या या पाड्यात आली होती. तळहातावरची हळद अजून गेली नव्हती. सकाळी बायकांबरोबर पाण्याला निघाली. उतार उतरून नदीच्या पात्रात आली, तर नदी नव्हतीच. नुसते गोटे आणि वाळू. वाळूत कमरेएवढा खड्डा खणलेला, त्यात तळाशी थोडं निवळ पाणी झिरपलेलं. त्याला झिरा म्हणतात आणि उन्हाळाभर अख्खा पाडा त्यावरच जगतो, हे तिला तेव्हाच कळलं. झिऱ्याच्या काठावर एक वाळकुडा माणूस उकिडवा बसला होता. अंगात बंडी, गुडघ्यापर्यंत धोतर, हातात पत्र्याचा डबा. डबा तिरका करून त्याने बोटाएवढा एक मळ्या मासा झिऱ्यात सोडला.

"जा. थंडगार हाय बघ," तो माशाला सांगत होता. "कोणी तुला हात लावायचं नाय. मी हाय ना."

"मामा, आमच्याशी कधी इतकं गोड बोलला नाय तुमी!" शेजारची जयवंती म्हणाली.

"तुमी कुठं ऐकता? हा ऐकतो."

बायका हसल्या. चिमीलाही हसू आवरलं नाही. मामांनी मान वर करून नव्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"कोणाची सून?"

"हिराबाईची," जयवंतीने सांगितलं.

"म्हंजे रूपेशची. बरं. बाय, पाणी वाटीनं भर. हंडा बुडवू नको, मासा बुजतो."

दाभोशाच्या नदीला बारमाही पाणी. तिथे वाढलेल्या चिमीला वाटलं, म्हातारा जरा हललेला दिसतो. घरी परतताना तिने जयवंतीला तसं विचारलंही.

"हललेला नाय गं," जयवंती म्हणाली. "मासा पाण्यातलं शेवाळ खातो, किडे खातो. आणि मासा पोहतोय तोवर पाणी चांगलं. आधी हे काम बायकाच करायच्या. मामांची आई करायची. पुढं कोणी करेना, म्हणून यांनी धरलं."

पाड्यातले गडी त्यावरून मामांची टिंगल करत. पाणवठा हे बायकांचं काम, तिथे पुरुषाने रोज जाऊन बसायचं म्हणजे काय? एकदा चावडीच्या दगडावर कोणीतरी त्यांना 'बायल्या' म्हणालं. मामा शांतपणे म्हणाले, "पाणी पिताना तू गडी, आणि भरताना ते बाईचं काम? मग पिऊ नको."

त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं नव्हती. एक कान निकामी होता. चिमीने एकदा भीतभीत विचारलं, तर मामांनी सगळ्यांना सांगत तसंच तिलाही हसत सांगितलं. तरुणपणी ते ठाण्याकडे दगडाच्या खाणीत कामाला होते. शिमग्याला गावी येताना त्यांनी खाणीतला सुरुंगाचा एक टोटा खिशात घालून आणला. खालच्या डोहात टाकायचा, अख्खा पाडा मासे खाईल, आणि पुंजाचं नाव होईल!

"नाव झालं," मामा म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला. "वात आखूड पडली."

पाड्याने त्या दिवशी टोपल्या भरभरून मासे नेले. मामा जव्हारच्या दवाखान्यात पडून होते. परत आले तेव्हा डोहात काहीच उरलं नव्हतं. मोठे मासे नाहीत, पिल्लं नाहीत, अंडीही नाहीत. पाण्यावर हिरवी साय धरली. डास झाले. मासेच नाहीत म्हटल्यावर खंड्या तिथे कशाला बसेल? तो गेला. पाणकावळे गेले. त्यांचा आवाज नाही म्हणून संध्याकाळी डोहाकडे जायला बायका घाबरू लागल्या. मग दर पावसाळ्याच्या सरत्या दिवसांत मामा डोंगरापलीकडच्या ओढ्यावर जात. मातीच्या मडक्यात पाणी, पाण्यात पिल्लं, डोक्यावर चुंबळ. निम्मी वाटेतच मरत. उरलेली ते डोहात सोडत. असं बरीच वर्षं केलं. ज्या वर्षी खंड्या परत आला, त्या वर्षी मामांनी घरोघर गूळ वाटला. लोकांना वाटलं, मामांच्या मुलीला मुलगा झाला!

मामी मागेच वारल्या होत्या. मुलगी विक्रमगडकडे दिलेली. मामा एकटेच राहत. चिमी पहिल्यांदा गरोदर होती तेव्हा झिऱ्यावरून तिचा हंडा ते स्वतः उचलून उतारापर्यंत आणून देत, आणि वर कोणी काही म्हणालं की सांगत, "तिचा नाय, माशाचा हंडा हाय." त्या खेपेला वर्षा झाली. आता ती धावू लागली होती आणि आपला छोटा तांब्या घेऊन आईमागे झिऱ्यावर यायची.

उन्हाळा वाढत गेला की झिरा आटतो. मग बायका आणखी खाली, जिथे वाळू ओली लागेल तिथे नवा झिरा खणतात. तो आटला की त्याच्याही खाली. मामा आपला मासा डब्यात घालून प्रत्येक नव्या झिऱ्यात नेऊन सोडत. असं करत करत यंदा झिरा पार खालच्या डोहाच्या अंगाला येऊन ठेपला होता. ही गोष्ट पाड्यातल्या प्रत्येक बाईला माहीत होती. पुरुषांपैकी फक्त पुंजामामांना.

रूपेश तर वर्षातले आठ महिने भिवंडीच्या गोदामात. तो मनाने वाईट नव्हता. चिमीला तो कधी टाकून बोलला नव्हता. घरी आला की गलोल घेऊन रानात जायचा, होले पाडून आणायचा. घरटं धरलेल्या पाखरावर गलोल धरू नकोस, एवढं मामांनी त्याला दोनदा सांगितलं होतं. तो "हो मामा" म्हणायचा आणि विसरायचा. पाणी कुठून येतं हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता. घरात हंडा भरलेला असायचा, त्याला तेवढं पुरे होतं.

त्या वैशाखात चिमीच्या नणंदेचा, कविताचा साखरपुडा ठरला. मुलाकडची माणसं जीपने येणार होती. सासूबाईंच्या, हिराबाईंच्या मनात एकच होतं: पाहुण्यांना माशाचं जेवण द्यायचं. "डाळीवर बोळवण केली तर उद्या कविताला ऐकवतील," त्या म्हणत.

आदल्या संध्याकाळी रूपेश मोठी टोपली भरून मासे घेऊन आला.

"एवढे कुठनं?" चिमीने विचारलं.

"धरणावर गेलो होतो. जाळं टाकलं."

मासे साफ करताना चिमीला जरा चमत्कारिक वाटलं. मोठ्या माशांबरोबर नखाएवढी पिल्लं होती, खेकडे होते, कोळंबी होती. जाळ्याच्या भोकातून निसटून जावं असंही सगळं टोपलीत होतं. आणि जाळं तर खुंटीला कोरडंच लटकत होतं. पण अंगण सारवायचं होतं, तांदूळ निवडायचे होते, कविताची साडी इस्त्रीला गेली होती ती आणायची होती. तिने मीठ-हळद लावून मासे झाकून ठेवले आणि तो विचारही झाकून टाकला.

सकाळी ती लवकर झिऱ्यावर गेली. पाहुणे येणार म्हणून दोन हंडे जास्त हवे होते. वर्षा मागोमाग होतीच. पाणी हळू झिरपत होतं, जयवंतीचा हंडा भरेपर्यंत ऊन चांगलं चढलं आणि चिमी वाटी घेऊन वाकणार, एवढ्यात मामा आले. नेहमीसारखं त्यांनी आधी पाण्यात पाहिलं. कडेच्या गोट्याआड, सावलीत, मासा पोट वर करून तरंगत होता.

मामांनी तो उचलला नाही. ओंजळीत पाणी घेतलं, नाकाशी नेलं आणि मागे वळले. वर्षाने तेवढ्यात जयवंतीच्या हंड्यातून तांब्या बुडवून घेतला होता आणि तो तोंडाला लावणारच होती. मामांनी झडप घातली. तांब्या गोट्यांवर खणकन पडला. पोर घाबरून रडायला लागली. मामांनी पुढे होऊन जयवंतीचा भरलेला हंडाही लाथेने आडवा केला.

"मामा! डोकं फिरलं का तुमचं?" जयवंती किंचाळली. "पहाटेपास्नं वाटी वाटी करून भरला मी!"

"भांडायचं ते मागनं भांड," मामा म्हणाले.  "कोणी पाण्याला शिवू नका. आधी पोरीचे हात पुसा. वाळूनं पुसा."

सगळ्या बायका त्यांच्या मागे डोहाकडे गेल्या. काठाशी पांढरी पोटं वर आलेली पिल्लं वाऱ्याने एका कडेला जमली होती. खेकडे पाण्याबाहेर येऊन उलटे पडले होते. एक बगळा मेलेली पिल्लं खाऊन तिथेच बसला होता. त्याची मान पुन्हा पुन्हा खाली जात होती. तो उडायचा प्रयत्न करत होता आणि पंख वाळूतच आपटत होता.

"औषध टाकलंय," मामा म्हणाले. "फवारायचं औषध. काल कोणाच्या घरी मासे आले?"

 चिमीच्या डोळ्यांपुढे खुंटीवरचं कोरडं जाळं आलं. आणि त्याच्यापाठोपाठ चूल. सासूबाई आतापर्यंत रस्सा ढवळत असतील. पाहुणे अंगणात टेकले असतील. इथे तोंड उघडलं तर आजच्याच दिवशी घराची अब्रू पाड्याच्या वेशीवर टांगली जाणार, कविताचं जमलेलं लग्न मोडणार, आणि ते मोडलं ते वहिनीमुळे, असं तिला जन्मभर ऐकावं लागणार. गप्प राहून घरी जावं, काहीतरी निमित्त काढून भांडं पालथं करावं, असंही तिच्या मनात आलं. पण मग उद्या पाड्यातलं दुसरं कोणी याच डोहातले मासे वेचून नेईल त्याचं काय? तिने वर्षाकडे पाहिलं. पोर अजून हुंदके देत होती आणि मामा आपल्या तीन बोटांच्या हाताने तिचे ओठ पुसत होते.

"आमच्या घरी," चिमी म्हणाली. "मामा, आमच्या घरी आले. चुलीवर हायत."

आणि हंडे तिथेच टाकून ती उतार चढत पळत सुटली.

जीप दारात उभी होती. मांडवात पाहुणे बसले होते. पत्रावळी मांडलेल्या, आणि हिराबाई पातेलं उतरवून वाढायला निघालेल्या. चिमीने सरळ पदराने पातेल्याच्या कडा धरल्या, ते मागच्या अंगणात नेलं आणि भाताच्या तुसाच्या खड्ड्यात उलटं केलं.

"अगं ये भवाने!" हिराबाईंनी कपाळावर हात मारला. "पोरीच्या कार्यात असं करतंस? कोणाचं भूत शिरलं तुझ्यात?"

मुलाची आई उठून उभी राहिली. कविता दाराआड रडू लागली. चिमीला धाप लागली होती, तोंडातून शब्द फुटेना. तेवढ्यात मामा पोचले. उतार चढून त्यांचाही ऊर भात्यासारखा चालला होता.

"पाहुणे, रागवू नका," ते म्हणाले. "डोहात विष पडलंय. त्यातलेच मासे. या पोरीनं आज तुमचं जेवण सांडलं म्हणून तुमी उद्याचं जेवाल."

विष कोणी टाकलं ते मामांनी सांगितलं नाही. रूपेशकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.  शेवटी रूपेशच पुढे आला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"मीच टाकलं. गोदामात एक जण हाय, तो बोलला, एक ढक्कन डालो, टोकरी भर मछली. धुतलं की काय होत नाय म्हणाला." मग तो मामांकडे वळला. "पण मामा, झिरा तर वर हाय ना? उंबराजवळ? पाणी वरून खाली जातं. म्हणून मी मुद्दाम खालच्या डोहात..."

"उंबराजवळ!" मागून आलेल्या जयवंतीने कमरेवर हात ठेवले. "उंबराजवळचा झिरा होळीलाच आटला. त्याच्या खालचा पण आटला. आता डोहाला खेटून हाय. कधी जन्मात हंडा उचलला असतास तर कळलं असतं!"

 मुलाचा बाप समजुतीने म्हणाला, "जाऊ द्या. पोराला माहीत नव्हतं."

"तुमाला माहीत हाय का?" मुलाच्या आईने लगेच विचारलं. "सांगा बघू, आपल्या पाड्याचा झिरा कुठं हाय आता?"

तो गृहस्थ आपल्या पायांकडे बघू लागला. आधी जयवंती हसली, मग मुलाची आई, मग मांडवातल्या सगळ्या बायका हसल्या. दाराआड रडणारी कविताही हसली. साखरपुडा मोडण्याची वेळ त्या हसण्यातच टळली.

घराघरातून जेवण आलं. कोणी उडदाची आमटी दिली, कोणी भात, कोणी सुकट-चटणी. पाहुण्यांची जीप पिंप घेऊन लांब सडकेवरच्या, टँकरने भरतात त्या विहिरीवर गेली आणि पाणी घेऊन आली. वाढताना हिराबाई सुनेजवळ आल्या आणि तिच्या भाजलेल्या हातांना खोबरेल लावून गेल्या.

पाहुणे गेल्यावर मामा आणि रूपेश डोहावर गेले. मेलेले मासे वेचून खोल खड्ड्यात पुरायचे होते. नाहीतर कुत्री खातील, कावळे-घारी खातील आणि मरण पसरत जाईल. मामांनी पुरुषांनाही हाका मारून बोलावलं. कधी नव्हे ते पाड्यातले गडी कुदळी घेऊन पात्रात उतरले. डोहाजवळचा झिरा त्यांनी बुजवला आणि वर, डोहाच्या पाण्याशी संबंध नसलेल्या वळणावर नवा झिरा खणायला घेतला. तिथे पाणी फार खोल होतं. घामाने निथळत खणता खणता एकाने विचारलं, "हे बायका दर उन्हाळ्यात करतात?" बाकीचे खणत राहिले.

बगळा तोवर मेला होता. रूपेशने त्याला पुरायला उचललं. गलोलीने पाडलेली कितीतरी पाखरं त्याने मान धरून घरी आणली होती, पण हा त्याच्या हातातून सुटत राहिला. त्याने शेवटी डोक्याचा रुमाल सोडला आणि त्यात गुंडाळून पुरला.

"मामा, तुमी मला एक शब्द बोलला नाय," तो म्हणाला.

"काय बोलू?" मामा म्हणाले. "तुझी दहा बोटं शाबूत हायत. कामाला लाव."

नव्या झिऱ्यात पाणी साचलं तरी कोणी ते भरलं नाही. टँकरच्या विहिरीवरून लांबून पाणी आणत राहिले. मामांनी पलीकडच्या ओढ्यातून मळ्या आणून सोडला. तो चांगला पोहू लागला, शेवाळाला तोंड लावू लागला, तेव्हा मामांनी पहिली वाटी स्वतः प्यायली. दुसरी वर्षाने मागितली. आदल्या वेळी मामांनी तिच्या हातातला तांब्या पाडला होता, तो राग तिने तोवर धरून ठेवला होता. वाटी मिळाल्यावर तो गेला.

पाऊस संपत आला तशी मामांबरोबर रूपेशही डोंगरापलीकडच्या ओढ्यावर जाऊ लागला. मडक्याऐवजी आता प्लॅस्टिकचा कॅन होता. डोहात पिल्लं दिसतात, पण थोडी. खंड्या अजून आलेला नाही. मामा म्हणतात, त्याला घाई नाही. रूपेशने गलोल मोडली वगैरे काही नाही. ती खुंटीला आहे. पण होळीनंतर, पाखरं घरट्यात असतात त्या दिवसांत, तो ती काढत नाही. आणि गावी असला की सकाळी एक हंडा तो आणतो. पहिल्यांदा आणला तेव्हा निम्मं पाणी अंगावर सांडलं होतं आणि जयवंतीने ते बघायला सगळ्यांना बोलावलं होतं.

चिमीला मामांना काहीतरी म्हणायचं होतं. पण या पाड्यात कोणी कोणाला 'उपकार झाले' असं तोंडाने म्हणत नाही. शिवाय वर्षाचा तांब्या तिच्या ओठांपर्यंत पोचला होता, या आठवणीपुढे कुठलाही शब्द तिला अपुरा वाटे. मग एका संध्याकाळी तिने ताटलीत भाकरी आणि भाजी झाकून मामांच्या घरी नेली.

"हे कशाला?" मामांनी विचारलं.

"जास्त झालं होतं."

दुसऱ्या दिवशीही जास्त झालं. तिसऱ्याही. शेवटी हिराबाईच वैतागून म्हणाल्या, "रोज ताटली घेऊन अंधारात कुठं फिरतंस? त्यांनाच इकडं बोलाव."

पुंजामामा आता रात्री चिमीकडेच जेवतात. दात फारसे उरलेले नाहीत, म्हणून नागलीची भाकरी त्यांना आमटीत कुस्करून द्यावी लागते.